जी. ई. रोडवरून रमतगमत

नागपूरचा पाहुणा लग्नाकार्याला रायपुरात येतो, दोन दिवस चौबे कॉलनीत किंवा समता कॉलनीत नातेवाइकांकडे उतरतो आणि चहा पिताना विचारतो, "तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे हो?" यजमान जरा ओशाळतात. नवा रायपूर, जंगल सफारी, तेलीबांधाचं 'मरीन ड्राइव्ह' अशी दोन-तीन नावं घेतात आणि गाडी काढतात. गाडी ज्या गल्लीत उभी होती त्या गल्लीकडे मात्र दोघांचंही लक्ष जात नाही. इतिहास असतो तो वाड्यांना नि किल्ल्यांना, कॉलनीला कसला आलाय इतिहास, हा समज आपल्यात फार पक्का आहे. रायपूरच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांत तो एका सकाळीत मोडतो. अट एवढीच की इमारतींकडे कमी आणि पायाखाली जास्त बघायचं.

वाट अशी. तात्यापारा चौकातून निघायचं, आझाद चौक, आमापारा मागे टाकत जी. ई. रोडने पश्चिमेला चालायचं. राजकुमार कॉलेजच्या आसपास उत्तरेला वळून चौबे कॉलनीत शिरायचं, रामकुंडच्या अंगाने फिरून पुन्हा मोठ्या रस्त्याला लागायचं आणि विद्यापीठापाशी थांबायचं. फिटनेसवाला माणूस हे सव्वा-दीड तासात उरकेल. आपल्याला अख्खी सकाळ हवी.

जी. ई. म्हणजे ग्रेट ईस्टर्न. इंग्रजांनी नागपूरहून रायपूरमार्गे संबळपूरकडे नेलेला हा रस्ता. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि २०१० नंतरच्या नव्या क्रमांकांत ५३. कागदावर आकडे बदलले तरी रायपूरकर त्याला आजही जी. ई. रोडच म्हणतो. नागपूर आणि रायपूर यांचं नातं या रस्त्याहून जुनं आहे. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन छत्तीसगडात उतरला आणि रतनपूरचं हैहय राजघराण्याचं राज्य भोसल्यांच्या अमलाखाली आलं. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार पाहिला. तेव्हा रायपूर दुय्यम होतं. १८१७ ची सीताबर्डीची लढाई झाली, नागपूरच्या राज्यावर इंग्रजांची देखरेख आली आणि १८१८ मध्ये अॅग्न्यू नावाच्या अधिकाऱ्याने छत्तीसगडचं मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. आज राजधानी असलेल्या या शहराचं नशीब त्या एका बदलीने फिरलं, असं मला वाटतं. कचेरी आली, कचेरीमागून कारकून आले, आणि ठाणं हलवणारा साहेब असला तरी हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्यांत मराठी माणूस होताच.

रेल्वे येण्याआधी इकडे येणं म्हणजे काय असेल याची कल्पना एका प्रवासावरून येते. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात होते. त्यांनी कुटुंबाला बोलावून घेतलं. मंडळी रेल्वेने नागपूरपर्यंत आली आणि तिथून पुढे बैलगाडीने, जंगलातून, दोन आठवड्यांहून अधिक काळ चालत राहिली. त्या गाडीतला चौदा वर्षांचा नरेंद्र म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. सुमारे दोन वर्षं ते रायपुरात बूढापाऱ्यात राहिले. तिथल्या बूढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. हेच अंतर आज रेल्वेने चार-पाच तासांत कापलं जातं, आणि गाडी अर्धा तास उशिरा आली तरी आपण कुरकुरतो.

तात्यापारा हा मराठी घरांचा जुना मोहल्ला. आज तिथे रस्ता रुंद झालाय, दुकानांच्या पाट्या एकमेकींवर चढल्यात, आणि मराठी कानावर पडायला नशीब लागतं. पण रायपूरच्या मराठी माणसाचं मोठेपण मराठी पाट्यांत शोधलं तर चुकामूक होईल. त्याने गावाला जे दिलं ते बहुतेक हिंदीतून दिलं. माधवराव सप्रे हे त्याचं ठळक उदाहरण. मातृभाषा मराठी, पण जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा रोडहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. सोबतीला रामराव चिंचोळकर, प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी, आणि मासिक सुरुवातीला छापलं जाई रायपुरात. १९०१ मध्ये त्याच मासिकात आलेली सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदीतल्या पहिल्या कथेच्या मानाची एक दावेदार. दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदी वाचकापर्यंत नेलं तेही सप्र्यांनीच. २३ एप्रिल १९२६ रोजी ते रायपुरातच गेले. बूढापाऱ्यात त्यांच्या नावाची शाळा आहे आणि लाखेंच्या नावाचं आख्खं लाखेनगर. रोज 'लाखेनगर, लाखेनगर' ओरडणाऱ्या ऑटोवाल्यांपैकी किती जणांना हे आडनाव मराठी आहे हे ठाऊक असेल, देव जाणे.

आमापारा ओलांडून पुढे गेलं की रस्त्याचा नूर बदलतो. दुकानं पातळ होतात, भिंती लांबट होतात, झाडं दिसू लागतात. राजकुमार कॉलेजचं आवार ही त्यातली सगळ्यांत लांब भिंत. संस्थानिकांच्या मुलांसाठी १८८२ मध्ये जबलपूरला सुरू झालेली ही शाळा १८९४ मध्ये रायपुरात आली. शहराबाहेर, मोकळ्या उंच जागेवर असं मोठं आवार घ्यायचं, ही त्या काळच्या साहेबाची रीत. पण छत्तीसगडात मोकळी जागा मोकळी का असते, याला एक कारण आहे आणि ते जमिनीत आहे.

इथल्या शेतकऱ्याच्या लेखी जमिनीचे चार प्रकार: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. ही उंचावरून सखलाकडे येणारी उतरंड आहे. वर उंचवट्यावर भाटा, म्हणजे लाल, मुरमाड, पाणी न धरणारी, जवळजवळ निकामी जमीन. तिच्या खाली मटासी, पिवळसर आणि हलकी. भाताला चालते, पण पाऊस वेळेवर हवा. मग डोरसा, दोहोंच्या मधली. सगळ्यांत खाली कन्हार, काळी, चिकण, महिनोन्‌महिने ओल धरणारी. भात निघाल्यावर तिच्यात ओलीवरच तिवरा (आपली लाखोळी) किंवा हरभरा येतो. एकाच गावात चारही जमिनी असायच्या, मग चांगली कुणाला आणि वाईट कुणाला? त्यावर जुन्या छत्तीसगडाने लाखाबाटा नावाची तोड काढली होती. काही वर्षांनी गावातली शेतं पुन्हा वाटायची, प्रत्येकाच्या वाट्याला थोडा भाटा, थोडी मटासी, थोडी कन्हार. एकोणिसाव्या शतकात जमीन-महसुलाचा बंदोबस्त करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. एकेका माणसाच्या नावावर कायमचा मालकी हक्क ठरवणारे बंदोबस्त झाले तसतशी ती मोडत गेली.

कॉलनीत शिरल्यावर या चार मातींचं काय होतं? त्या डांबराखाली जातात, पण गप्प बसत नाहीत. पाण्याची नळजोडणी, गटार, केबल, काही ना काही निमित्ताने रायपुरातली एखादी तरी गल्ली नेहमी खोदलेली असते. गाडीवाल्याला तो ताप, चालणाऱ्याला ती मेजवानी. खड्ड्याच्या कडेला उभं राहून बघावं. लाल खडी दिसली तर आपण भाट्यावर आहोत. काळी, चकचकीत कापली जाणारी माती निघाली तर कन्हार. मग मान वर करून शेजारचं घर बघायचं. कन्हार पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर उथळ पायाचं घर बांधलं की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. रंगारी ती दर दिवाळीला बुजवतो आणि ती दर मेमध्ये परत येते. विदर्भातल्या काळ्या मातीवर घर बांधलेल्यांना हे सांगायला नको. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगीर असलेले खांब पायात घालण्याची पद्धत रुळवली. खांबाचा फुगवटा माती जिथे हलत नाही अशा खोलीवर अडकतो. ते परवडत नसेल तर गवंडी जुनाच उपाय करतो: काळी माती उपसून टाकतो आणि पायात मुरूम भरतो. म्हणजे उंचवट्यावरचा निकामी भाटा खाली आणून कन्हारीत पुरतो. शेतकऱ्याने ज्या जमिनीला नाक मुरडलं तिला घर बांधणाऱ्याने भाव दिला.

मातीखाली आहे चुनखडक. रायपूरचं सगळं मैदान त्याच्या थरांवर वसलंय. म्हणूनच शहराच्या चहूबाजूंना सिमेंटचे कारखाने आहेत. जुन्या घरांची जोती, कुंपणाच्या भिंती, अंगणातली फरशी याच दगडाची. करडा, क्वचित जांभळट दगड. अशा एखाद्या जुन्या भिंतीपाशी सकाळच्या तिरक्या उन्हात थांबलात आणि नशीब बरं असलं तर दगडात कापलेल्या कोबीसारखी वलयं दिसतील. ती शिंपल्यांची नाहीत. शिंपले असणारे प्राणी तेव्हा जन्मालाच आले नव्हते. उथळ, उबदार समुद्रात सूक्ष्म जिवाणूंचे बुळबुळीत थर वाढायचे, त्यांच्यावर चुन्याचा गाळ बसायचा, त्यावर पुन्हा जिवाणू. थरावर थर चढून झालेल्या या रचनांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, आणि छत्तीसगडच्या चुनखडकात त्या सुमारे शंभर कोटी किंवा त्याहूनही जास्त वर्षांपूर्वी झाल्या. जिवंत स्ट्रोमॅटोलाइट बघायला लोक पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे जातात. रायपुरात त्यांच्या पूर्वजांवर 'यहाँ कचरा ना फेंकें' असं रंगवलेलं असतं.

चौबे कॉलनीत मराठी पाहुण्याला एक पाटी वाचता येते: महाराष्ट्र मंडळ. मंडळ १९३५ चं. त्याचं सभागृह इथे आहे, आणि प्रियदर्शिनी नगरात मंडळाची संत ज्ञानेश्वरांच्या नावाची शाळा आहे. गणपती, कोजागरी, नाटक, हळदीकुंकू हे सगळं आहेच, ते परप्रांतातल्या कुठल्याही मंडळात असतं, म्हणून त्यावर शाई खर्च करत नाही. गंमत कॉलनीच्या अंगणांत जास्त आहे. फाटकाशी तुळस, मागे शेवगा. छत्तीसगडीत तो मुनगा. पूर्व विदर्भातल्या माणसाला हे नाव परकं वाटत नाही. आणि दिवाळीनंतरच्या दिवसांत आलात तर दाराच्या चौकटीला टांगलेली, नव्या भाताच्या लोंब्यांची विणलेली झालर दिसेल. तिला चिरई चुगनी म्हणतात. ती शोभेसाठी असते तितकीच चिमण्यांसाठी असते, आणि महिन्याभरात चिमण्या ती रिकामी करतात. शेतं सुटून दोन पिढ्या झालेल्या घरांतही ती बाजारातून विकत आणून लावली जाते.

आता पाणी. चौबे कॉलनी, रामकुंड या भागात चालताना गल्ली सरळ जाता जाता अचानक वळते, किंवा एका बाजूची घरं दुसऱ्या बाजूपेक्षा दोन पायऱ्या उंच असतात. अशा ठिकाणी आसपास तलाव शोधावा. बहुधा सापडतो, नाहीतर त्याची जागा सापडते. जी. ई. रोडजवळचा करबला तलाव, रामकुंडचा तलाव, पुढे शहरभर कंकाली, महाराजबंध, तेलीबांधा, बूढा तलाव. छत्तीसगडीत तलावाला तरिया म्हणतात, बांधाला पार आणि घाटाच्या पायऱ्यांना पचरी. जुन्या मोठ्या गावांबद्दल 'छै आगर छै कोरी' तरिया असं सांगतात. कोरी म्हणजे वीस, तेव्हा सहा कोऱ्या आणि वर सहा, असे एकशे सव्वीस तलाव. मोजून कुणी पाहिलेत असं नाही, पण नकाशावर निळे ठिपके एवढे का, हा प्रश्न रास्त आहे.

उत्तर पावसात आहे. इथे वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या दीडपटीहून जास्त. पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नंतरचे आठ महिने काढायचे कसे? उतारावर मध्ये बांध घालून पाणी अडवायचं, भाटा-मटासीवरून वाहून आलेलं पाणी चिकण मातीच्या पोटात साठवायचं. भातावर शेवटचं पाणी कमी पडलं तर तलाव, गुरं धुवायची तर तलाव, अंघोळ, धुणं, दहाव्याचा विधी, सगळं तिथेच. या सगळ्या सामाईक वापराला सरकारी दप्तरात निस्तार म्हणतात. हा शब्द भंडारा-गोंदियाच्या वाचकाला पाठ असेल, कारण त्याच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, याच घडणीचे. दोन्ही प्रदेश मध्य प्रांतात होते, दोन्हीकडे मालगुजार, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनदार, होता, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर दोन्हीकडचे तलाव सरकारजमा झाले. गाळ काढणारा गावातला हात सुटला तो तेव्हा.

तलाव म्हणजे खड्डा आणि पाणी, असं इथल्या जुन्या माणसाला कधीच वाटलं नाही. नवा तलाव खणला की त्याचं लग्न लावायची चाल होती. मध्यभागी सालाच्या लाकडाचा खांब उभा करायचा. विधी झाल्याशिवाय ते पाणी धर्मकार्याला चालत नसे. लग्न लागलेल्या तलावाकडे गाव दुर्लक्ष करणार नाही, हा त्यामागचा हिशेब असावा. महानगरपालिकेच्या फाइलीला असा धाक उरलेला नाही. रायपुरातला रजबंधा तलाव बुजला. आज रजबंधा मैदान म्हणतात तिथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत. लेंडी तलावाच्या जागी शास्त्री बाजार उभा आहे. मुसळधार पावसात शहराच्या सखल भागांत पाणी का तुंबतं, याची चौकशी समिती नेमण्याआधी जुना नकाशा उघडला तरी पुरे.

तलाव राखावेत हे कुणी शंभर वर्षांपूर्वी सांगितलं नव्हतं असं नाही. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश विद्वान १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढची काही वर्षं त्याने गावोगाव फिरून नगररचनेचे अहवाल लिहिले. त्यांत नागपूर आहे, इंदूर आहे. त्याची पद्धत सोपी होती. नकाशा काढण्याआधी गाव पायी पालथं घालायचं, गल्लीबोळ, विहिरी, देवळं, तलाव सगळं डोळ्यांनी पाहायचं, आणि मगच कुठे हात लावायचा ते ठरवायचं. त्या काळी हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवण्याची टूम निघाली होती. गेडीसचं म्हणणं, तलाव बुजवू नका, त्यात मासे आणि बदकं सोडा. डासांच्या अळ्या ते खातील. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि त्याने निवडून विलायतेला पाठवलेला तरुण म्हणजे आपले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये. नगररचनेच्या अभ्यासक्रमात गेडीसचं नाव आजही शिकवतात. चालणं बहुधा परीक्षेत विचारत नाहीत.

रामकुंडकडून मोठ्या रस्त्याकडे येताना भूक लागते. कोपऱ्यावरच्या टपरीत कढईतून निघणारा गोल पदार्थ बघून मराठी माणूस "बटाटेवडा द्या" म्हणेल. त्याने आलूगुंडा म्हणावं. चव सख्खी आहे. शेजारीच जमिनीवर पसरा मांडून भाजीवाल्या बसलेल्या असतात. छत्तीसगडाएवढ्या पालेभाज्या खाणारा मुलूख मी दुसरा पाहिला नाही: लालभाजी, चेच, खेडा, चरोटा, कांदाभाजी, थंडीत हरभऱ्याचा आणि तिवऱ्याचा पाला. उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी बोहार भाजी तर सणासारखी विकली जाते आणि भावही सणाचाच असतो. हे बोहार म्हणजे आपलं भोकर. आपण त्याच्या फळाचं लोणचं घालतो, इथे कोवळा मोहोर ताकात किंवा आंबट घालून शिजवतात. "ले ना दीदी, बने भाजी हे," असं म्हणत बाई जुडी पुढे करते. भाव करू नये. ती भल्या पहाटे खारुन नदीच्या काठच्या भाजीच्या बाड्यांतून माल घेऊन आलेली असते.

पुढचा रस्ता संस्थांचा आहे आणि तो लवकर आटोपता येतो. १९५६ मध्ये खाणकाम आणि धातुशास्त्र शिकवायला निघालेलं सरकारी महाविद्यालय. २००५ पासून ते राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. मग सायन्स कॉलेज, मग पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ, १९६४ चं. अभियांत्रिकी म्हणजे इथे आधी खाण आणि धातू का, हे भिलाईचा पोलाद कारखाना याच रस्त्यावर पुढे आहे हे आठवलं की कळतं. त्या पोलादाच्या धंद्याची दुसरी बाजू कॉलनीच्या गच्चीवर आहे. अनवाणी गच्चीवर गेलं की तळवे काळे होतात. उरला, सिलतरा या औद्योगिक वसाहतींतल्या भट्ट्यांकडून वाऱ्याबरोबर येणारी ही बारीक धूळ रायपूरकरांची जुनी तक्रार आहे. राजधानी झाल्यापासून, म्हणजे १ नोव्हेंबर २००० पासून, गाव सुसाट वाढलं. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका हद्दीतली लोकसंख्या दहा लाखांवर गेली. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल आले, आणि पदपथ जिथे आहे तिथे त्यावर मोटारसायकली उभ्या असतात.

विद्यापीठाच्या आवारात सावली भरपूर आहे, तिथे बसून पाय मोकळे करावेत. इथून पश्चिमेला टाटीबंध, त्यापुढे खारुन नदी. दक्षिणेला याच नदीवर महादेवघाट आहे आणि तिथलं हाटकेश्वराचं देऊळ. १४०२ चा, राजा ब्रह्मदेवाच्या काळचा शिलालेख त्या देवळाबद्दल बोलतो. त्याची वाट वेगळ्या सकाळी धरावी.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला दिवस निवडा आणि सहाला निघा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो, तेव्हा नऊच्या पुढे रस्त्यावर राहू नका. यजमानांना बरोबर न्या, विशेषतः घरातल्या आजी-आजोबांना पहिल्या अर्ध्या तासापुरतं तरी. कुठल्या घराखाली तलाव होता हे त्यांना ठाऊक असतं. ते नावानिशी लिहून घ्या.